चार नंबरच्या खोलीचा पत्ता

पोलीस खात्यातल्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. एका बाईच्या मोबाइलवर आलेल्या दोन ओळी मात्र मला आजही शब्दन् शब्द पाठ आहेत.

माझ्या निवृत्तीला काही महिने उरले होते आणि कासारवाडीच्या आसपासच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी उरकून केबिनकडे निघालो, तर ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर तिशीची एक बाई उभी होती. अंगावर कंपनीचा निळा ॲप्रन, हाताशी शाळेच्या गणवेशातली मुलगी. विचारलं तेवढंच सांगत होती आणि दर वाक्यागणिक दाराकडे पाहत होती. दाराकडे पाहत तक्रार देणाऱ्या माणसाला आधी आत बसवायचं, ही माझी जुनी सवय. तिला केबिनमध्ये बोलावलं. आमच्या एक महिला हवालदार होत्या, अठरा वर्षं सेवा झालेल्या. त्यांनाही बसायला सांगितलं.

बाई मूळची मराठवाड्यातली. नवरा मारायचा. एकदा त्याने गरम उलथनं तिच्या पाठीला लावलं, त्याची खूण हवालदारांनी नंतर पाहिली. दोन वर्षांपूर्वी मुलीला घेऊन ती बाहेर पडली. न्यायालयाकडून संरक्षण आदेश मिळवला, मोबाइल नंबर बदलला आणि इथे आली. चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांच्या वायरी जोडायच्या कामावर लागली. कंपनीची बस नाशिक फाट्यावरून न्यायची. सगळं बरं चाललं होतं.

त्या सकाळी अनोळखी नंबरवरून मेसेज आला. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. वर तिचा पूर्ण पत्ता होता, गल्ली, मंदिरामागची चाळ, खोली नंबर चार. खाली लिहिलं होतं, ‘जागा चांगली मिळाली. येतोय.’

“हा पत्ता कुणाकुणाला माहीत आहे?” मी विचारलं.

“माझ्या भावाला. घरमालकिणीला. आन् आमच्या सुपरवायझरला, बसच्या यादीसाठी दिला होता. चौथ्या माणसाला न्हाई साहेब. आईलाबी सांगितला न्हाई.”

आम्ही त्या नंबरचं लोकेशन मागवलं. मोबाइल बंद होता, पण सकाळी शेवटचा मिळाला होता तो शिक्रापूरजवळ. म्हणजे माणूस गावातून निघून जवळजवळ येऊन पोचला होता. साध्या कपड्यांतला एक अंमलदार लगेच चाळीवर नजर ठेवायला पाठवला.

भावाशी फोनवर बोललो. त्याचा आवाजच सांगत होता की तो मरेल पण पत्ता सांगणार नाही. घरमालकिणीला नवऱ्याचं नाव-गावही ठाऊक नव्हतं. उरला सुपरवायझर, आणि तो निघाला बाईच्या नवऱ्याच्याच तालुक्यातला. गाडी पाठवून त्याला चाकणहून आणवलं.

पोरगा पंचविशी उलटलेला असेल. समोर बसल्याबसल्या घामाने डबडबला. मोबाइल मागितला तर छातीशी धरला.

“नवऱ्याला ओळखतोस?”

“नाही साहेब. आईशप्पथ नाही.”

“मग मोबाइल दाखवायला काय हरकत आहे?”

त्याने मोबाइल आणखी घट्ट धरला. मला वाटलं, धागा सापडला. तासभर मी त्याला सोडलं नाही. आवाज चढवला, तालुक्याचं नाव दहा वेळा घेतलं, कोठडीचा दरवाजाही दाखवला. शेवटी त्याने रडतरडत मोबाइल टेबलावर ठेवला. आत निघाला नोकरीसाठी केलेला अर्ज. एका स्थानिक वेबसाइटवर त्याने नाव नोंदवलं होतं.

“दुसरी कंपनी बघतोय साहेब. इथल्या मॅनेजरला कळलं तर आजच काढतील. म्हणून देत नव्हतो.”

इतक्या वर्षांच्या नोकरीनंतरही मी फसलो होतो. घाबरलेला माणूस आणि गुन्हेगार दोघंही सारखाच घाम गाळतात, हे मी नव्या पोरांना शिकवायचो आणि स्वतः विसरलो होतो. मी त्याला पाणी दिलं.

इकडे हवालदार सुपरवायझरकडून घेतलेली बसची यादी चाळत होत्या. त्यांनी मान वर केली.

“सर, यादीत पत्ता खोली नंबर सातचा आहे. मेसेजमध्ये चार.”

बाईला विचारलं. ती म्हणाली, “पहिला महिनाभर चारमध्ये होते. वरून गळायचं, म्हणून मालकिणीने सात दिली. कंपनीत लागले तेव्हा सातमध्येच होते. भाऊ आला तोबी सातमध्येच.”

म्हणजे हा पत्ता या तिघांपैकी कुणाकडूनच गेला नव्हता. मालकिणीनेही सांगितला असता तर सातचाच सांगितला असता. तो जुना होता, पहिल्या महिन्यातला. हवालदारांनी सुपरवायझरचा मोबाइल उचलून बाईपुढे धरला.

“ताई, असा अर्ज तुम्ही कुठे भरला होता का? काम लागायच्या आधी?”

बाई त्या पानाकडे बघतच राहिली. मग तिचा हात तोंडावर गेला.

“हाच भरला होता. आल्या आल्या. शेजारच्या पोरीने भरून दिला. मग मी विसरूनच गेले.”

वेबसाइटचं काय ते नंतर बघता आलं असतं. आता एक गोष्ट आमच्या बाजूची होती. येणारा माणूस चुकीच्या दारावर येणार होता.

मुलीला आणि आईला ठाण्यातच ठेवलं. साध्या कपड्यांत दोन अंमलदार आणि महिला हवालदार घेऊन मी चाळीत गेलो. घरमालकीण इथल्या जुन्या गावातली, साठीची, नऊवारीतली बाई. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कमरेची किल्ली काढली.

“चारमधली पोरं कामाला गेल्यात. मी उघडून देते. आन् मी बी हितंच बसनार हाय.”

“मावशी, तुम्ही घरात थांबा. माणूस बरा नाही.”

“व्हय, पन घर माजं हाय ना?”

शेवटी तिला शेजारच्या खोलीत बसवलं. दुपारी दोनच्या पुढे जिन्यावर पावलं वाजली. माणूस प्रत्येक दारावरचा आकडा वाचत येत होता. चारसमोर थांबला, कडी वाजवली. हवालदारांनी दार उघडलं.

“कोण पाहिजे?”

त्याने बायकोचं नाव घेतलं आणि आत घुसायला लागला. पुढचं पाऊल त्याला टाकता आलं नाही. अंगझडतीत पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेला कोयता सापडला. पंचांसमोर जप्त केला. मावशी दारात येऊन त्याच्याकडे नुसती बघत उभी राहिली.

मी ठाण्यात फोन केला. पलीकडून बाईने एकच विचारलं, “सापडला?” हो म्हणालो. मग ठाणे अंमलदारांनी फोन घेतला आणि म्हणाले, “सर, त्या खाली बसल्यात. रडतायत. पण ठीक आहेत सर.” मी तिथेच पायरीवर बसलो.

चौकशीत नवऱ्याने काहीच लपवलं नाही. उलट त्याला स्वतःच्या हुशारीचं कौतुकच होतं. “त्या साइटवर कंपनीचा मालक म्हणून नाव टाकलं. कसली कंपनी, कुणी विचारलं नाही. मग हिचं नाव आणि तालुका टाकला. नंबर, पत्ता, जन्मतारीख, सगळं आलं.”

दुसऱ्या दिवशी त्या वेबसाइटच्या ऑफिसात गेलो. रावेतच्या एका नव्या इमारतीत दोन खोल्या. मालक तरुण होता, सज्जन वाटला. गावाकडून आलेल्यांना काम मिळावं म्हणून हे सुरू केलं, म्हणाला, आणि ते खरंही असावं.

“लोकांच्या माहितीचं तुम्ही काय करता?” मी विचारलं.

“सगळं लिहिलंय सर. गोपनीयता धोरण आहे आमचं.” त्याने पान उघडलं.

“मोठ्याने वाचा.”

तो वाचू लागला. आपली माहिती आम्ही सुरक्षित ठेवतो. कामापुरतीच वापरतो. आपल्या संमतीशिवाय तिसऱ्या कुणालाही देत नाही. तिथे त्याने वाचणं थांबवलं.

“हे कुणी लिहिलं?”

“दुसऱ्या एका साइटवरून घेतलं होतं सर. मी... पूर्ण वाचलं नव्हतं कधी.”

मी त्याला कोयत्याचा फोटो दाखवला. तुमच्याकडून मिळालेल्या पत्त्यावर हा आला होता, एवढंच म्हणालो. माझ्यासमोरच त्याने सगळ्यांचे पत्ते आणि नंबर दिसणं बंद केलं. खात्रीशिवाय कुणाला मालक म्हणून नोंदवायचं नाही, काम लागलेल्यांची माहिती काढून टाकायची, हेही ठरलं. नोंदवलेल्या प्रत्येक बाईला त्याने स्वतः फोन करून काय झालं ते सांगावं, असं मी बजावलं. त्याने ते फोन केले. कायद्याने जी नोटीस द्यायची ती दिलीच, त्याचा जबाबही घेतला.

सुपरवायझरला मी पुन्हा बोलावलं आणि चूक झाली म्हणालो. तो गोंधळला. ठाण्यात बोलावून पोलीस माफी मागतात, असं त्याला वाटलं नसावं.

पुढे दोषारोपपत्राची तयारी सुरू झाली. बाईने खोली बदलली होती. कुठे, ते इथेही लिहिणार नाही. पुरवणी जबाबासाठी ती आली. लेखनिकाने सवयीने विचारलं, “सध्याचा पत्ता?”

ती माझ्याकडे वळली. “साहेब, ह्या कागदाची नक्कल त्याला मिळती का?”

नियमाप्रमाणे आरोपीला दोषारोपपत्राची प्रत मिळते. जबाबावर साक्षीदाराचा पत्ता असतो. असे किती जबाब माझ्या सहीने गेले असतील, मी कधी मोजले नाहीत. त्या तरुणाला मी धोरण मोठ्याने वाचायला लावलं होतं. मला तसं कुणी वाचायला लावलं नव्हतं. कुणी विश्वासाने आपला पत्ता दिला की तो जपायची जबाबदारी घेणाऱ्यावर येते, मग त्याच्या अंगावर खाकी असो वा नसो. हे मला निवृत्तीच्या तोंडावर, तेही तक्रारदाराने शिकवलं.

लेखनिकाला पेन खाली ठेवायला सांगितलं. सरकारी वकिलांना फोन लावला, न्यायालयाकडे अर्ज करायचं ठरवलं आणि काही दिवसांनी मंजुरीही मिळाली. ती पुन्हा आली तेव्हा तिच्या जबाबावर पत्त्याच्या जागी आमच्या ठाण्याचा पत्ता लागला.

तिने तो कागद दोनदा वाचला, मग सही केली.