जोडीचा फोटो आणि दारूचं लायसन्स

मी आयुष्यात दारूचा थेंब जिभेला लावलेला नाही. पण इथे लंडनच्या इल्फर्डात एक माणूस यावर विश्वास ठेवेल तर शपथ! हळदीकुंकवाला गेले तरी बायका वास घेतल्यासारख्या जवळ येतात. आता हे कसं झालं ते सांगते, पण मध्ये हसाल तर चहा परत घेईन.

आमच्या कोपऱ्यावर रमणिकभाईंचं दुकान. दूध, ब्रेड, कोथिंबीर, लॉटरी. एक दिवस खिडकीत निळा कागद लागला. दुकानात दारू विकायचंय, हरकत असेल तर कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, कळवा. हे परवाने तेव्हा नुकतेच कोर्टाकडून कौन्सिलकडे आले होते.

माझी तर हरकत होतीच. कारण आमचे हे! डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, यांचं लिव्हर आता एक घोटही सहन करणार नाही. तेव्हापासून सुटली होती. पण सुटली म्हणजे काय? दारूचं दुकान लांब आणि यांचे गुडघे दुखरे, म्हणून सुटली! आता बाटली येणार हाकेच्या अंतरावर.

पण घरातली गोष्ट चारचौघांत काढणारी मी नव्हे. शेजारची मॉरीन म्हणाली, "सू, नवऱ्याचा विषयच नको. रस्त्यावर दंगा वाढेल एवढंच सांगू. ते ऐकतात."

ठरलं. हरकत कळवली आणि सुनावणीच्या दिवशी गेलो कौन्सिलला. टेबलामागे तीन कौन्सिलर, समोर रमणिकभाई टाय लावून, सोबत त्यांचा वकील. हे मागच्या खुर्चीत, देवळात बसल्यासारखा चेहरा करून. 'तुला सोबत' म्हणून आले होते म्हणे!

आधी मॉरीन उठली. "आमचा रस्ता आधीच वाया गेलाय. कोपऱ्यावर पोरांचा धिंगाणा, फुटपाथवर घाण, कोणाचा कोणाला धाक नाही."

धाक नाही? माझ्या रस्त्यावर? माझी कानशिलं तापली.

अध्यक्षबाई गोड आवाजात म्हणाल्या, "मिसेस पवार, तुम्हालाही असंच वाटतं?"

नुसतं 'येस' म्हणायचं होतं हो! चौथीपर्यंत शिकलेल्या बाईलाही तेवढं येतं.

"नो!" मी ताडकन उभी राहिले. "कोण म्हणतं घाण? रोज सकाळी मी स्वतः झाडते, पार कोपऱ्यापर्यंत!"

"आणि ती मुलं जमतात, ती?"

"जमू देत की! एकेकाची आई मला माहितेय. मी खिडकी उघडली की पळतात."

"रात्रीचा आरडाओरडा?"

"माझ्याशिवाय कोणाची ओरडायची टाप नाही!"

मॉरीन माझं कार्डिगन ओढत होती. "सू, खाली बस!" मी कसली बसते! "एखादा दारुडा आला ना आमच्या रस्त्यावर, तर त्याला मी बघून घेईन!"

रमणिकभाईंचा वकील बोलायला उठला होता. तो हळूच परत बसला.

परवाना मंजूर! अध्यक्षबाई म्हणाल्या, अशी शेजारीण असताना कमिटीला कसलीच काळजी नाही. मागून कोणीतरी टाळी वाजवली. मागे कोण बसलं होतं, ते मी सांगायला हवं का?

बसमध्ये मॉरीन माझ्याशेजारी बसलीसुद्धा नाही.

संध्याकाळी रमणिकभाई पेढे घेऊन दारात. "बेन, सगळं तुमच्यामुळे झालं!"

पेढे त्यांच्या हातात परत कोंबले आणि यांच्या लिव्हरची गोष्ट सांगून टाकली. बिचारे गंभीर झाले. "फिकर नको बेन. काउंटरमागे फोटो लावतो, खाली नाव. वर लिहितो, यांना दारू विकू नये. माझी सून नवीन आहे, तिलाही कळेल."

आता यांचा एकट्याचा फोटो आणू कुठून? होता तो लग्नाच्या पंचविशीचा, जोडीचा. कात्री हातात घेतली. पण सवाष्ण बाईने जोडीचा फोटो कापायचा? दिला तसाच.

"आणि खाली नाव काय लिहू, बेन?"

घ्या! यांचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर आजतागायत नाही, आणि दारूसाठी तर मुळीच घेणार नव्हते.

"माझं लिहा," मी म्हटलं. "यांना कोण ओळखतंय? माझ्या नावावरून कळेल सगळ्यांना."

"पण बेन..."

"लिहा म्हटलं ना!"

लिहिलं बिचाऱ्यांनी.

दुकानात बाटल्या आल्या त्या दिवशी यांचे गुडघे आपोआप बरे झाले. "दूध आणतो," म्हणून निघाले. मी निर्धास्त भाकरी थापत होते. परत आले ते कोट घट्ट धरून. दूध कोटात कोण ठेवतं, सांगा!

बाटली ओढून घेतली. नशीब, सील फुटलं नव्हतं. सगळी सिंकमध्ये ओतली आणि पिठाच्या हातांनीच दुकान गाठलं.

"काय गं? फोटो लावलाय ना? मग दिलीस कशी?"

रमणिकभाईंची सून दोन पावलं मागे सरकली. "अंकलना का नाही देणार, आंटी? बिचारे किती सहन करतात! मीच त्यांना म्हटलं, घरी आंटीच्या हाती लागू देऊ नका."

"माझ्या हाती? अगं, फोटोत कोण आहे ते बघ!"

"बघितलं ना. दोघं आहेत. म्हणून तर खालचं नाव वाचलं."

रांगेत मॉरीन उभी होती. तिने चष्मा सरळ केला, मान उंच केली आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं, एकेक अक्षर सावकाश वाचलं: "यांना दारू विकू नये. सुलोचना पवार."