कॅमेऱ्यासमोरचा फ्लेक्स

ते प्रकरण आठवलं की निवृत्तीनंतरही माझा रक्तदाब वर्दीत असल्यासारखा चढतो. नेकनूरच्या बाजूचं एक गाव. नावं सांगणार नाही. गावाला ती ठाऊक आहेतच.

चौकात कॅमेरे बसवायचे म्हणून सरपंच मला दुकानात घेऊन गेले होते. मी दुकानदाराचा घाम काढला. वायफायवाले नकोत, गावात रेंज गेली की बसले. वायरवालेच घ्या, असं बजावलं. भर दुपारी शटर ओढायला लावलं, दिवे घालवले आणि हवालदाराला लांबच्या कोपऱ्यात उभं केलं. ज्या कॅमेऱ्यात त्याच्या मिशा स्वच्छ दिसल्या, तोच घेतला.

पुढे पेरणीच्या तोंडावर शेतकरी गटाच्या गोदामाचं कुलूप तुटलं. रातोरात सोयाबीन बियाण्याच्या बॅगा गेल्या. मी पोचेपर्यंत गावानं चोर ठरवलाही होता: गोदामाचा राखणदार. चौकात त्याला थपडा बसल्या होत्या. तो भीमनगरात राहतो, आणि काही लोकांना तेवढा पुरावा पुरतो.

मी त्याला ठाण्यात आणलं, स्टेशन डायरीला नोंद घेतली. तो एवढंच म्हणाला, "साहेब, क्यामेरा बगा. मी घरी जेवाया गेलतो, चौकातूनच गेलतो."

ग्रामपंचायतीत रेकॉर्डिंग लावलं. पडदा पांढराफटक! पंचायतीचा ऑपरेटर आणि मी, दोघांनीच ते पाहिलं. मशीन सील करून मी खांबाखाली गेलो. कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर एका नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स ताणून बांधलेला. रात्री कॅमेरा जो न दिसणारा प्रकाश सोडतो, तो फ्लेक्सवर आपटून परत येत होता.

"काढला काहून न्हाई?" मी सरपंचांवर ओरडलो. ते म्हणाले, नेत्याच्या फ्लेक्सला हात कोण लावणार? मी त्यांना वाट्टेल ते बोललो. मग बीट अंमलदाराला बोललो, कारण तो रोज त्याखालून जात होता. आदल्या दिवशी संध्याकाळी माझीही जीप तिथूनच गेली होती, हे मात्र मला कुणी सुनावलं नाही.

चौकातल्या चहावाल्या मावशींनी मला बाजूला घेतलं. फ्लेक्स आधी वर होता, म्हणाल्या. चोरीच्या दिवशी दुपारी एकानं शिडी लावून खाली घेतला. वाढदिवस होऊन चार दिवस झाले होते, म्हणून त्यांना नवल वाटलं.

"कोण होता?"

त्यांनी फ्लेक्सकडेच मान उडवली. "शुभेच्छुकांत बगा की. खालची वळ, डावीकडून तिसरा. गॉगलवाला."

चोरानं कॅमेरा झाकला होता तो स्वतःच्या फोटोनं! पंचनामा करून फ्लेक्स जप्त केला, ठाण्यात भिंतीवर टांगला आणि गॉगलवाल्याला त्याच्यासमोर बसवलं. आधी त्यानं नेत्याला फोन लावायची धमकी दिली. मी खुर्ची पुढे सरकवून म्हणालो, लाव. फोन उचलला गेला नाही. मग तो चिडला.

"मी क्यामेऱ्यात दिसलो का? समदं पांढरंच दिसतंय ना त्यात?"

"तुला कुणी सांगितलं, पांढरं दिसतं म्हणून?"

रेकॉर्डिंग मी आणि ऑपरेटरनंच पाहिलं होतं. मग त्यानंच सगळं ओकलं. फ्लेक्स खाली बांधल्यावर, अंधार पडताच ग्रामपंचायतीत जाऊन त्यानं पडद्यावर खात्री करून घेतली होती. संध्याकाळपर्यंत धारूरकडच्या एका शेडमधून बॅगा निघाल्या.

राखणदाराला मी स्वतः गावात सोडायला गेलो. गटाचे अध्यक्ष म्हणाले, झालं गेलं विसर, उद्यापासून कामावर ये.

"येतो," तो म्हणाला. "पन चोर चौकात म्हनलात. चोर न्हाई, हेबी चौकातच म्हना."

अध्यक्ष निघायला वळले. थपडा मारणाऱ्या दोघांना एकदम म्हशींची धार आठवली. मी त्यांना जागेवर थांबवलं, ग्रामपंचायतीचा भोंगा सुरू करायला लावला आणि राखणदाराचं पूर्ण नाव घेऊन तो निर्दोष असल्याचं तीनदा सांगितलं. मग त्याला विचारलं, थपडांची फिर्याद देतोस? तो म्हणाला, देतो. तिथेच नोंदवून घेतली. त्या रात्री फिर्याद मिटवा म्हणून मला बरेच फोन आले. एकानंही राखणदाराची चौकशी केली नाही.

चोर सापडला की आम्ही 'गुन्हा उघडकीस' असं लिहून मोकळे होतो. ज्याच्यावर खोटा आळ आला त्याचं नाव परत मिळालं का, हे लिहायला आमच्या कागदात रकाना नाही. ते काम माणसांसमोर उभं राहून, मोठ्यानं बोलून करावं लागतं. नोकरीच्या पहिल्या वीस वर्षांत मी ते एकदाही केलं नव्हतं. आज सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.