काठाच्या तळाला

मला मासे धरता येत नाहीत. ही गोष्ट कृष्णेतल्या समस्त माशांना फार पूर्वीपासून माहीत आहे; माझ्या सासऱ्यांना ती कळायची वेळ यंदाच्या करीला आली.

कर म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस. आमच्या घरी त्या दिवशी दोन नियम कडक. वशाट, म्हणजे मटण-मासळी, शिजलंच पाहिजे, आणि कुणी कुणाशी भांडायचं नाही, नाहीतर वर्षभर घरात भांडणं लागतात! यंदा नेमके करीला मामा मुक्कामाला आलेले. (मामा म्हणजे माझे सासरे. फौजेतले निवृत्त हवालदार, गाव माण तालुक्यात, जिथे नदी असते पण तिच्यात पाणी असेलच असं नाही.) सकाळी बायकोनं मटणासाठी हातात पिशवी दिली आणि माझी जीभ उगाच वळवळली.

"मटण काय, मामांना माणातही मिळतं! मी कृष्णाकाठचा माणूस. आज त्यांना मी गळानं धरलेली मरळ!"

"आवं, करीला दुपारपतूर मटणवाल्याकडं हाडूकसुदिक ऱ्हात न्हाई. बघा बरं!"

"तू फक्त वाटण करून ठेव."

मामा कानटोपी चढवून कधीच दारात उभे होते.

नदीवर गेलो तर धरणातून पाणी सोडलेलं. पात्र भरून चाललेलं आणि गार तर इतकं, की हात बुडवला की बोटं जागेवर आहेत का ते बघावं लागे. मी कणकेची गोळी लावून गळ टाकला. मामा शेजारी उकिडवे बसले आणि त्यांनी चौकशी सुरू केली.

"जावईबापू, एवढ्या गार पाण्यात मासं करत्यात तरी काय?"

"तळाला जाऊन गप पडतात, मामा."

"आन् पाणी चढल्यावर?"

"काठाला येतात. मधे धार असते ना!" (ही दोन्ही शास्त्रं मी एकाच चहाच्या टपरीवर ऐकली होती, पण वेगवेगळ्या माणसांकडून.)

मामांनी काठीनं पाण्याची खोली मापली. "आज पाणी गारबी हाय आन् चढलंयबी. मग दुश्मनाची पोझिशन नक्की कुठं?"

असला प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. "काठाच्या तळाला!" मी ठोकून दिलं.

"आसं व्हय!" मामांना पटलं. त्यांना पटलं म्हणून मलाही पटलं.

कणीक पाण्यानं धुऊन नेली. मामांनी काठीनं चिखल उकरून गांडुळं काढली, तीही माशांनी नाकारली. मग मामांनी खिशातून आदल्या दिवशीचा तिळगुळाचा लाडू काढला.

"बर्फात आमाला गूळ-चणं द्याचे. अंगात गरमी येती. मासा काय येगळा हाय?"

मला माझीच उत्सुकता आवरेना. लाडू चेचून कणकेत मळला, जाड नायलॉनच्या दोरीला मोठा गळ बांधला आणि थोडं पुढं, उसाच्या आडोशाला, अगदी काठालगत खोल सोडला. एवढ्यात बायकोचा फोन. "वाटण झालंय. तेल तापवू का?"

"तापव!" मी म्हणालो, कारण त्याच क्षणी दोरी ताठ झाली होती.

ओढली, तर हलेना. हात लावला, तर आतून थरथर, थरथर! मामांनी दोरी मुठीत धरून डोळे मिटले. "जित्ता हाय! लय दमाचा दिसतोय. सारखा धापा टाकतोय बघा!"

"मामा, ही मरळ नव्हं, मरळीचा आजा हाय!" आनंदात माझी सांगलीच्या ऑफिसातली भाषा गळून पडली.

दोघांनी पाय रोवून दोरी ओढली. हळूहळू काहीतरी काळं, मांडीएवढं जाड पाण्यावर आलं. त्यानं 'फुर्रर्र' असा मोठा श्वास घेतला आणि थरथर एकदम थांबली.

"मेला," मामा हळू आवाजात म्हणाले आणि त्यांनी कानटोपी काढली.

तेवढ्यात उसातून माझा थोरला भाऊ, दादा, खांद्यावर खोरं घेऊन धावत आला. "आरं, लाइट हाय, मोटर फिरतीया, मग पाटाला पाणी का न्हाई?" त्याची नजर माझ्या हातावरून दोरीवर आणि दोरीवरून त्या काळ्या प्राण्यावर गेली. तो आमच्याच मोटरचा रबरी पाइप होता! पाणी चढलं म्हणून दादानं आदल्या सांजेला मोटर नेहमीच्या जागेवरून हलवून इथं आणली होती. पाइपाचं तोंड मी पाण्याबाहेर काढलं, मोटरनं हवा घेतली, पाणी तुटलं.

दादानं खांद्यावरचं खोरं सावकाश खाली ठेवलं.

"बाळ," तो म्हणाला. (जन्मात त्यानं मला बाळ म्हटलं नव्हतं!) "ही पाच हॉर्सपॉवरची मोटर हाय. दुपारी लाइट जाती, तवर ऊस भिजला पायजे. तू आता कापडं काढ, पाण्यात उतर आन् तुजा गळ सोडीव. मी काय बोलत न्हाई. आज कर हाय."

सासऱ्यांसमोर मी चड्डीवर कृष्णेत उतरलो. पाणी छातीला लागलं तेव्हा मला माझं नाव आठवेना. वरून मामांचा उत्साही आवाज आला, "जावईबापू, काठाच्या तळाला गेलायसाच, तर जरा चाचपून बघा की, हायत का मासं!"

घरी बायकोनं माझ्याकडं न बघता त्या वाटणात अंडी सोडली. मला फार वाईट वाटलं. माणसाला मरळ कबूल करायची आणि कोंबडीच्या अंड्यावर भागवायचं! मी गोधडीत दात वाजवत पडलो होतो. मामा मात्र दोन वाट्या रस्सा पिऊन, ढेकर देऊन, सासूबाईंना फोन लावून बसले.

"लागला हुता तर! आगं, खोटं कशाला सांगू? पाच हॉर्सपॉवरचा हुता! मी सोता हातात धरलाय. पर थोरल्या भावानं परत पाण्यात सोडाया लावला."

मी गोधडीतून डोकं बाहेर काढून बघितलं. मामांच्या चेहऱ्यावर जावयाचा खराखुरा अभिमान होता. मग मी गोधडी परत डोक्यावर ओढून घेतली. आमच्या घराण्यात एवढ्या ताकदीचं आजवर कुणी काही धरलेलं नाही, ही गोष्ट खरीच आहे की!