शालिकरामने बुजवलेला खड्डा

आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीत लग्न असो, बारसं असो की आखाडीचं मटण, लांब पोळ्यांसाठी माणूस सुभद्राच्याच दारात यायचा. लांब पोळी लाटत नाहीत, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. सैल कणकेचा गोळा हातांवर घ्यायचा, या हातावरून त्या हातावर झेलत पार कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर अलगद सोडायचा. सुभद्रा हे करताना गप्पा मारायची, माझ्याशी भांडायचीसुद्धा, पण पोळी कधी फाटायची नाही. मला तिचा हेवा वाटायचा. माझी साधी पोळी अजून नकाशाच्या आकाराची होते.

तिचा नवरा शालिकराम गवंडी. भिवापूरकडचा, बोलायला कमी. कोणाची पायरी हलली, कोणाच्या भिंतीला पोपडा धरला की बोलावण्याआधी हा थापी घेऊन हजर. मोडलेलं काही त्याला बघवत नाही. याला गुण म्हणायचं की खोड, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी तलावाकडे जाणारा फूटपाथ आहे. त्याचे गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे, केव्हाचे खचलेले. एका ठिकाणचे तर निघूनच गेले होते आणि गुडघाभर खड्डा झाला होता. मी स्वतः तक्रार केली होती. ज्यांच्या ताब्यात तो फूटपाथ, त्या कचेरीचं नाव घेऊन मी तोंड विटाळत नाही. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी सुभद्रा संध्याकाळी चक्कीवरून पीठ घेऊन येत होती. खांबावरचा दिवा बंद. पाय खड्ड्यात गेला आणि ती उजव्या कोपरावर आदळली. आम्ही धावलो, तर बाई सांडलेलं पीठ एका हाताने गोळा करत होती.

कोपराचा चुरा झाला होता. डॉक्टरांनी पट्टी घालून, स्क्रू मारून तो जोडला. ती दवाखान्यात पडलेली आणि शालिकरामला बाहेरच्या बाकावर बसवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरी आला, रेती-गिट्टी आणली, पदरचं सिमेंट घातलं आणि तो खड्डा बुजवून टाकला. खाली दगड ठोकले, वर गट्टू पातळीत बसवले. येणारे-जाणारे शाबास म्हणाले. मी त्याला चहा नेऊन दिला. मोबाइल सगळ्यांच्या हातात होते, पण त्या खड्ड्याचा फोटो काढावा हे एकाही शहाण्याला सुचलं नाही.

जखम भरली, पण कोपर सरळ होईना. हात विळ्यासारखा वाकलेलाच राहिला. डॉक्टर म्हणाले, अजून एक ऑपरेशन केलं तर सुटेल, मात्र वर्षाच्या आत करायला हवं, नंतर सांधा धरून बसतो. घरात होतं नव्हतं ते पहिल्याच ऑपरेशनमध्ये गेलेलं. तेव्हा शेजारची अस्मिता, नुकतीच वकिलीला लागलेली, म्हणाली की अशा अपघाताची भरपाई मागता येते. अर्ज तिनेच लिहिला, साक्षीला आम्ही शेजारी. सुभद्राचा सगळा जीव त्या अर्जात अडकला. भरपाई आली की ऑपरेशन, ऑपरेशन झालं की मडकं पुन्हा चुलीवर, असं ती भाजीवाल्यालासुद्धा सांगायची. मला ते ऐकवत नसे, कारण मी उभी हयात कारकुनीत काढली आहे.

सरकारी काम आणि सहा महिने थांब. उन्हाळा सरत आला तेव्हा कुठे एक तरुण साहेब पाहणीला आला. माणूस वाईट नव्हता. जागा विचारली, शालिकरामने दाखवली. साहेब तिथे उभा राहिला, टाचेने दाबून पाहिलं. आजूबाजूचा सगळा फूटपाथ डुगडुगत होता, नेमकी तेवढीच जागा पक्की.

“हे कोणी केलं?”

अस्मिता डोळ्यांनी खुणावत होती. शालिकरामने तिच्याकडे पाहिलंच नाही.

“मीच केलं न साहेब. दुसऱ्याच दिवशी.”

“काहून?”

“आता त्यात अजून कोनाचा पाय गेला असता, त?”

साहेबाने मान खाली घातली, फोटो काढले आणि गाडीवर बसून गेला. मला वेडीला वाटलं, हा खरं ते लिहील. आलेल्या उत्तरात दोनच गोष्टी होत्या. पाहणीत फूटपाथ सुस्थितीत आढळला आणि म्हणून मागणी नामंजूर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही. कोर्टात जाता येईल, असं अस्मिता म्हणाली. किती वर्षं लागतील ते मात्र तिला सांगवेना, आणि कोपर थांबणार नव्हतं.

त्याच आठवड्यात सुभद्राने कणीक भिजवली. मी तिथेच होते. डावा हात बरोबर चालायचा, पण उजव्यावर आली की कणीक वाकलेल्या कोपरात घरंगळायची आणि फाटायची. तिने पुन्हा घेतली, पुन्हा फाटली. शालिकराम उठला, कोपरापर्यंत हात धुतला आणि तिच्या शेजारी बसून पुढे केला.

“टाक वं माह्या हातावर.”

तिने टाकली. सिमेंटने भेगाळलेला तो केसाळ हात, कणीक जी चिकटली ती सुटेना. सुभद्राला हसू आलं, मलाही आलं. हसता हसता तिने गुडघ्यांत डोकं घातलं आणि अशी रडली की मला तिथे बसवेना. मी उठून घरी आले.

सकाळी फाटक उघडलं तर शालिकराम त्या जागेवर उकिडवा बसलेला, हातात छन्नी-हातोडा. फोडतो, मग म्हणावं या फोटो काढायला, असं तो मला म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. हातोडा वर गेला तेवढ्यात सुभद्रा अनवाणीच आली आणि त्या गट्टूंवर उभी राहिली.

“माहा हात त गेलाच,” ती म्हणाली. “आता हे फोडून अजून कोनाचा पाय मोडता काय?”

त्याने हातोडा खाली ठेवला आणि तिथेच कडेला बसून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. चूक तुझी, असं त्याला आजवर कोणी म्हणालं नाही. सुभद्रा तर कधीच नाही. एकदा भांडून बोलली असती तर त्याला सोपं गेलं असतं, असं मला वाटतं.

आता वर्ष उलटून गेलं. डॉक्टरांनी आता उपयोग नाही म्हणून सांगितलं. मडकं चुलीमागे ठेवलंय, तिने ते कोणाला दिलं नाही. संध्याकाळी दोघं तलावाकडे फिरायला निघतात तेव्हा मी फाटकात असते. सुभद्रा फूटपाथने चालते. ती जागा आली की शालिकराम खाली रस्त्यावर उतरतो, गाड्यांमधून वळसा घालतो आणि पुढे जाऊन वर चढतो. तिथे तो पाय ठेवत नाही. ती त्या गट्टूंवर थांबून राहते, तो वर येईपर्यंत.