पार्वताबाईची मिसरी

दात घासल्याशिवाय पार्वताबाईंनी आयुष्यात कधी पाण्याला तोंड लावलं नव्हतं. ही त्यांच्या आईची शिस्त. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर आईने घर शेणाने लख्ख सारवलं आणि लेकींना अंगणात ओळीने बसवून दात घासायला लावले. आधी राख होती, मग विटेची भुकटी, मग मिसरी. "आपल्याले कोनी घाण म्हनाले नको," एवढंच ती म्हणायची.

तेव्हापासून मिसरी. धरणगावात त्या तव्यावर तंबाखू भाजायला बसल्या की शेजारची बेबाबाई पदर नाकाला लावून ओरडायची, "पार्वता, बठ्ठी गल्ली खोकी राहिनी वं!" पण कापूस वेचायला जाताना पार्वताबाईंचं लुगडं धुतलेलं, केस चापून बसवलेले आणि दात घासलेले असायचे. याचा त्यांना अभिमान होता. दात काळे पडले होते, पण ते घासून घासून काळे पडलेत, असं त्या म्हणत.

सून मयुरीची रजा संपली, तेव्हा नातवाला सांभाळायला त्या जळगावला आल्या. मुलगा राजदीप ठिबक सिंचनाच्या कारखान्यात, मयुरी बँकेत. पोराला पाळणाघरात टाकायचं नाही म्हणून पार्वताबाईंनी स्वतःच हट्ट धरला होता. "मी शे ना!"

सम्यकला दात येत होते. त्या दिवशी तो सकाळपासून रडत होता. मध घातलेली चोखणी दिली, खांद्यावर घेऊन गॅलरीत फिरवलं, काही उपयोग होईना. शेवटी त्यांनी डबी उघडली, चिमूटभर मिसरी बोटावर घेतली आणि त्याच्या हिरड्यांना चोळली. पोर गप्प झालं. त्यांना बरं वाटलं.

थोड्या वेळाने त्याने ओकायला सुरुवात केली. अंगाला गार घाम सुटला. शेजाऱ्यांनी मयुरीला फोन केला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "याला काही दिलं होतं का?"

"मिसरी लायी ना," पार्वताबाई ठामपणे म्हणाल्या. त्यांना लपवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. "दात यी राहिनात त्याले."

डॉक्टरांनी सम्यकच्या हिरड्यांवरून कापूस फिरवला. तो काळा झाला. "आजी, तंबाखू आहे हा! एवढ्याशा पोराच्या तोंडात घाण घातलीत तुम्ही."

दार उघडंच होतं. बाहेर बाकावर बसलेल्या बायका वळून पाहू लागल्या. मयुरीने मान खाली घातली.

राजदीप धावत आला तोवर सम्यक सावरला होता. "माय, काय करं हाई तू?"

"तुले बी हाईच लायेल व्हती. काय व्हयनं तुले?" त्या बोलून गेल्या, आणि आपलाच आवाज ऐकून त्यांनी पदर तोंडावर ओढला. रिक्षात त्यांनी पदर तोंडावरून काढलाच नाही.

घरी आल्यावर त्यांनी हात साबणाने धुतले. परत धुतले. बोटाचा वास जात नव्हता. आतल्या खोलीतून मयुरीचा आवाज येत होता. ती पाळणाघराची चौकशी करत होती.

सकाळी राजदीपने आणलेल्या नव्या ब्रशने त्यांनी दात घासले. पांढरा फेस गुलाबी झाला. मग त्यांनी मिसरीची डबी मयुरीपुढे ठेवली. "हाई तू लई जाय. मी गावले जास."

मयुरीने डबी पर्समध्ये टाकली. "गावाला कशाला? आई, मी आजपण सुट्टी घेऊ शकत नाही. पाळणाघरात जागाही नाहीये." पर्सची चेन लावत ती म्हणाली, "रडला तर थंड चमचा द्या. दुसरं काही नाही."

"दुसरं काहीच नही," पार्वताबाई म्हणाल्या.

दाराला बाहेरून कुलूप लागल्याचा आवाज येतोय का, याकडे त्यांचे कान होते. आला नाही. जिन्यावरून मयुरीची पावलं खाली गेली.

सम्यक रांगत आला आणि त्यांचं बोट तोंडाकडे ओढू लागला. त्यांनी मूठ मिटली, ती पदराखाली घेतली आणि दुसऱ्या हाताने चमचा दिला. तो चमचा चावत खुदकन हसला. हिरडीवर बारीकसं पांढरं टोक दिसलं.

पापा घ्यायला त्या वाकल्या. मध्येच थांबल्या, ओठ घट्ट मिटले आणि तोंड दुसरीकडे वळवून त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.