बहिणीच्या लग्नाची भिंत

चित्रकलेच्या शिक्षणाची पहिली दोन वर्षं सगळ्यांना सारखीच होती. तिसऱ्या वर्षी शाखा निवडायची: पेंटिंग किंवा कमर्शियल आर्ट. मी शाळेपासून कामगार-चळवळीची पत्रकं वाचून पेटलेला. शेठजींचे साबण आणि केसांची तेलं खपवायला हात विकणं मला या जन्मात शक्य नव्हतं. जूनमध्ये सरांना 'पेंटिंग' असं ठणकावून सांगायचं ठरवूनच मी उन्हाळ्यात देऊळघाटला आलो.

घरी थोरल्या बहिणीचं लग्न होतं. आमच्याकडे लग्नघराची दर्शनी भिंत पांढरी करून तिच्यावर गणपती, दाराशी दोन भालदार-चोपदार आणि वधूवरांची नावं रंगवतात. परगावचा माणूसही मग घर चुकत नाही. घरातच शिकलेला चित्रकार असताना गावातल्या पेंटरला कोण बोलावणार?

गणपती मी आईसाठी काढला. भालदार-चोपदार मात्र मुळीच नाही. राजे गेले, लोकांचं राज्य आलं, मग काठ्या घेऊन दारात उभे राहणारे हे नोकर कशाला? त्यांच्या जागी मी फावडंवाला शेतकरी आणि विळा उगारलेली मजूरबाई काढली. पुरुषभर उंच, मुठी आवळलेल्या.

"नावं टाक नं आता," बाबा म्हणाले.

"अक्षरं म्हणजे जाहिरात. चित्रानं स्वतः बोललं पाहिजे."

बाबांना मंडपाच्या बल्ल्या पुरवायच्या होत्या. ते वाद न घालता मागच्या मळ्यात गेले. मंडप तिथेच होता.

नवरदेवाच्या गावाहून, बीबीहून, वऱ्हाड ट्रकमधून आलं. वाजंत्री नेमके जेवायला बसले होते. ट्रक भिंतीसमोर जरासा थबकला आणि धुरळा उडवत सरळ पुढे निघून गेला. काका सायकलवरून त्याच्यामागे सुटले, तेव्हा कुठे तो परत फिरला.

नवरदेवाचे मामा उतरता उतरताच कडाडले, "आम्हाले वाटलं, पार्टीचं हापिस हाय! थांबलो असतो तं वर्गणी मांगतली असती!"

बाबा माझ्याकडे वळले. "नाव काऊन नाही टाकलं बे? लगीन का चोरून होऊन राह्यलं?"

मी कलेच्या स्वातंत्र्याबद्दल काहीतरी सुरू केलं. तेवढ्यात बहीण मुंडावळ्यांसकट बाहेर आली.

"आधी माहं नाव लिही. मंग अंतरपाट धरा."

वऱ्हाड उभं, भटजी घड्याळ बघताहेत आणि मी गेरूत कुंचला बुडवून लिहितोय. जन्मभर अक्षरं वाचली होती, पण एक अक्षर किती जागा खातं हे मला ठाऊक नव्हतं. बहिणीचं नाव इतकं ऐसपैस झालं, की नवरदेवाला शेतकऱ्याच्या फावड्याखाली कोंबावं लागलं.

"पोराले काऊन दाबलं?" मामा म्हणाले.

"सवय होऊ द्या," बहीण म्हणाली.

लग्न लागलं. मी मात्र भिंतीकडेच पाहत होतो. येणारा जाणारा माझ्या मजूरबाईला ओलांडून नावांपाशी थांबत होता आणि ती मोठ्यानं वाचत होता. ज्यांनी मला पेटवलं त्या पत्रकांत तरी चित्र कुठे होतं? कुणीतरी ती अक्षरं नीट बसवली, म्हणून ती देऊळघाटपर्यंत पोचली.

जूनमध्ये सरांनी शाखा विचारली.

"कमर्शियल," मी म्हणालो. "मला अक्षरं शिकायचीत. पण साबणाची जाहिरात मेलो तरी करणार नाही."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "आधी ओळ सरळ काढ," ते म्हणाले. "साबणवाले थांबतील."