काकांची झडप आणि मावशीचं माहेर

गाडीत बसणारी माणसं दिल्लीत लाखांनी असतील, पण गाडीखाली संसार थाटलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझ्या मावशीचा नवरा निघाला. सुट्टीच्या दिवशी नोएडाला त्यांच्याकडे गेलं की मावशी दार उघडून "खाली आहेत" एवढंच म्हणायची. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये काकांची डिझेल जीप उभी असे आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले असत. मी त्या पायांनाच नमस्कार करायचे. "आलीस? तो मोठा पाना दे बघू," असा आशीर्वाद खालून यायचा. सगळी नोकरी केंद्र सरकारच्या कचेरीत गेल्यामुळे कुठलंही काम झटकन उरकणं त्यांना अशिष्ट वाटे. साधं चाक बदलायचं असलं तरी ते काम बरेच दिवस विचाराधीन राहायचं.

गाडी घेतली होती एकाच कारणासाठी. मावशीचं माहेर कोकणात आणि मोठ्या रस्त्यापासून घरापर्यंतची वाट म्हणजे नुसते जांभ्याचे दगड. रेल्वे, मग एसटी, मग बॅगा उचलून पायपीट, असं ती इतकी वर्षं माहेरी जात आली होती. एकदा तरी आपल्या गाडीनं जाऊन थेट अंगणात उतरायचं, एवढंच तिच्या मनात होतं. "बिल्कुल जाऊ," काका म्हणाले, "पण त्या दगडांवर चेंबर फुटलं तर? आधी गाडी तयार करू." चेंबर म्हणजे गाडीच्या पोटाखालची इंजिनच्या तेलाची टाकी. तिला दगड लागू नये म्हणून काकांनी खाली जाड लोखंडी पत्र्याचा गार्ड बसवून घेतला. बसवणारा मिस्त्री घाम पुसत म्हणाला, "साहब, पहाड़ तोड़ने जा रहे हो क्या?" काकांना ती शाबासकी वाटली.

मावशीनं बॅग भरली. पण निघण्यापूर्वी तेल बदलायला हवं आणि तेल बदलायला तो अख्खा पत्रा उतरवायला हवा. काकांनी पत्रा न काढताच फटीतून हात घालून चेंबरचा, तेल सोडायचा बोल्ट सैल केला. तेल भांड्यात पडण्याऐवजी पत्र्यात साठलं आणि गाडी जाईल तिथे कित्येक दिवस ठिबकत राहिलं. सोसायटीचे सेक्रेटरी येऊन म्हणाले, "अंकल जी, फ़र्श पे एक बूंद और गिरी, तो गाड़ी बाहर." हे काकांच्या जिव्हारी लागलं. पत्र्यालाच बोल्टच्या बरोबर खाली भोक पाडायचं आणि त्याला बिजागरीची झडप लावायची, असं त्यांनी ठरवलं. झडप उघडली की तेल सरळ भांड्यात. मावशीनं बॅग रिकामी केली.

मापं काकांनी स्वतः घेतली. गाडीखाली उताणं पडून "मध्यापासून एक वीत डावीकडे" असं घोकत ते बाहेर आले, पत्रा उतरवून वेल्डरकडे नेला आणि तिथे उभं राहून एक वीत डावीकडे खूण केली. झोपलेल्या माणसाचा डावा हात आणि उभ्या माणसाचा डावा हात एकाच बाजूला असतो, या भरवशावर भोक पडलं ते भलत्याच कडेला. मग दुसरं भोक पाडलं. पण पहिलं उघडं कसं टाकायचं, म्हणून त्यालाही झडप आली. दोन्ही झडपा खडखडायला लागल्या, म्हणून जुन्या ट्यूबच्या पट्ट्या आल्या. तेलाची धार वाऱ्यानं हलू नये म्हणून पत्र्याची पन्हळ आली. दादाचा, म्हणजे मावशीच्या भावाचा, दर आंब्याच्या दिवसांत फोन यायचा आणि काका म्हणायचे, "बस, थोडंसं राहिलंय यार."  फोन ठेवून मावशी बराच वेळ गॅलरीत उभी राहायची.

तेल बदलायचा मुहूर्त खंडेनवमीचा. पाने, पक्कड, नरसाळं पाटावर मांडलं जाई. मावशी बॉनेटवर हळदकुंकू वाहायची आणि काका खाली सरपटत जाऊन दोन्ही झडपांना बोट लावून यायचे. "चुकलेलीला कशाला?" मी एकदा विचारलं. "तिचा काय दोष?" काका म्हणाले. मग तेल निघायचं, एक थेंबही न सांडता, आणि तरीही ते खांद्यावरच्या फडक्यानं फरशी पुसून काढायचे.

असं करता करता गाडीची दहा वर्षं भरत आली. दिल्लीच्या आसपास त्यापुढे डिझेल गाडीला थारा नाही. भंगारात द्यायची, नाही तर दुसऱ्या राज्यात पाठवायची. "दादाकडे नेऊन ठेवू," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात असं काही होतं, की काकांनी ते विचाराधीन ठेवलं नाही.

मीही सोबत गेले. मजल दरमजल करत आम्ही गावच्या फाट्याला पोचलो. काकांनी गाडी थांबवून बाह्या सरसावल्या. "आता बघा पत्र्याची करामत," असं म्हणून त्यांनी गाडी वळवली. समोर घरापर्यंत गुळगुळीत सिमेंटचा रस्ता होता.

"अहो, दादा किती वर्षं सांगत होता, रस्ता झाला म्हणून," मावशी हळूच म्हणाली.

"मला वाटलं, एका पावसाळ्यात उखडेल," काका पुटपुटले.

अंगणात पोचल्यावर मावशी लगेच उतरलीच नाही. दाराच्या कडीवर हात ठेवून बसून राहिली. "हॉर्न वाजवा ना एकदा," ती म्हणाली. काकांनी वाजवला. दादा धावत बाहेर आला तेव्हा तिला रडू आवरेना. काका मात्र गाडीखाली वाकून एखादा ओरखडा दिसतो का ते बघत होते. सगळं ऐकल्यावर दादा म्हणाला, "भावोजी, हवा तर एक चिरा टाकतो रस्त्यात."

गाडी तिथेच ठेवून आम्ही रेल्वेनं परतलो. 

परवा खंडेनवमीला नोएडाला गेले, तर दार उघडून मावशी सवयीनं "खाली आहेत" म्हणाली आणि पूजेचं ताट घेऊन माझ्याबरोबर निघाली. काका रिकाम्या जागेत खुर्ची टाकून बसले होते. "बघ ना," ते म्हणाले, "इतकी वर्षं इथे उभी होती. एक डाग असता तरी चाललं असतं गं."

मावशी गुडघा धरून वाकली. "झडप कुठे यायची हो?"

"जरा डावीकडे."

"कुणाच्या?" तिनं विचारलं, तसे काका खुर्चीवरून उठले. तिचा हात धरून त्यांनी नेमकी जागा दाखवली आणि मावशीनं तिथे हळदकुंकू वाहिलं. चुकलेल्या झडपेच्या जागीही वाहिलं. लख्ख फरशीवर दोन डाग पडले. काकांच्या खांद्यावर फडकं होतं. त्यांनी ते तसंच राहू दिलं.